सोफ्यामागची भिंत : हाताने केलेली सजावट कुठे फसते आणि कशी टिकते

तुम्ही लिहिता की भाड्याच्या घरातील बैठकीच्या खोलीत सोफ्यामागे साडेतीन मीटर रुंदीची मोकळी भिंत आहे, आणि ती सजवण्यासाठी गेल्या वर्षभरात तुम्ही कागदी फुले, भरतकामाच्या तीन लहान रिंगा, पुठ्ठ्याचा एक सूर्य आणि सुतळीने विणलेल्या दोन चौकोनी जाळ्या केल्या. त्या सगळ्या टेपने लावल्या. आता भिंत शाळेच्या प्रदर्शनासारखी दिसते, दोन वस्तू टेपसकट पडल्या आणि पडताना रंगाचे पोपडे घेऊन गेल्या. घरमालकांना फार भोके पाडलेली चालणार नाहीत. तेव्हा पुढे मॅक्रमे (दोराला गाठी घालून केलेले विणकाम) शिकावे, कापडाचे काम करावे की प्लास्टरचे उठावाचे चित्र करून पाहावे, आणि आधीच्या वस्तूंचे काय करावे, असा तुमचा प्रश्न आहे.

तुम्ही दिलेल्या वर्णनावरून हातात कौशल्य आहे हे दिसते, त्यामुळे कोणती कला शिकावी हा प्रश्न मी थोडा मागे ठेवते. खरी अडचण मला दोन ठिकाणी दिसते : वस्तूंचा आकार भिंतीच्या मानाने फार लहान आहे, आणि त्या भिंतीला कशा धरल्या जाणार याचा विचार वस्तू तयार झाल्यावर केला गेला आहे. मी कामाला सुरुवात चित्रांना चौकटी बसवण्यापासून केली आणि पुढे भिंतीवर लावायच्या वस्तू स्वतः घडवू आणि शिकवू लागले. या अठरा वर्षांत माझ्याकडे आलेली बहुतेक माणसे हातात वस्तू घेऊन तिच्यासाठी जागा शोधत होती. मी त्यांना घरी परत पाठवून आधी भिंतीचे माप आणायला सांगते. काही जणांना याचा राग येतो, पण माप घेऊन परत आलेल्या माणसाचे निम्मे काम झालेले असते.

आकाराचे गणित एकदा नीट पाहू. तुमचा सोफा दोन मीटर लांब आहे असे तुम्ही म्हणता. सोफ्यावर जे काही लागेल त्याची एकूण रुंदी सोफ्याच्या दोनतृतीयांश ते तीनचतुर्थांश, म्हणजे सुमारे १३० ते १५० सेंटिमीटर असावी, असा चौकटी लावणाऱ्यांचा सर्वसाधारण ठोकताळा आहे. तुमच्या भरतकामाच्या रिंगा १८ सेंटिमीटर व्यासाच्या आहेत. तीन मीटरवरून पाहिले तर अशी रिंग हात पुढे लांब करून धरलेल्या दोन बोटांएवढीच भासते. तुम्ही घातलेला एकेक टाका तिथून कोणालाही दिसत नाही. दिसतो तो केवळ एक ठिपका, आणि असे आठ-दहा ठिपके विखुरले की भिंत गजबजलेली वाटते, पण भरलेली वाटत नाही. प्रदर्शनाचा जो भास तुम्हाला होतो तो यातून येतो.

उंचीच्या बाबतीत चित्राचा मध्य जमिनीपासून १४५ ते १५० सेंटिमीटरवर ठेवावा, कारण उभ्या माणसाची नजर साधारण तिथे पडते. सोफ्यावर मात्र आणखी एक बंधन येते : वस्तूची खालची कड सोफ्याच्या पाठीपासून १५ ते २० सेंटिमीटरपेक्षा फार वर गेली तर ती वस्तू सोफ्याशी नाते तोडून तरंगू लागते. सोफ्याची पाठ ८५ सेंटिमीटर उंच धरली आणि मध्ये १७ सेंटिमीटर मोकळे सोडले, तर ९० सेंटिमीटर उंचीच्या वस्तूचा मध्य बरोबर १४७ वर येतो. म्हणून तुमच्या भिंतीसाठी साधारण १४० बाय ९० हे माप मी सुचवते. वर्तमानपत्रे एकमेकांना चिकटवून या मापाचा कागद तयार करा, तो रंगकामाच्या मास्किंग टेपने भिंतीवर लावा आणि दोन दिवस तसाच राहू द्या. पहिल्या संध्याकाळी तो अवाढव्य वाटेल. दुसऱ्या दिवशी दारातून आत येताना, सोफ्यासमोर बसून आणि दिवे लावल्यावर पाहा. बहुधा एवढ्याच मापाची गरज होती हे तुमच्या लक्षात येईल. माझ्या अनुभवात हा कागद लावून झाल्यावर माप वाढवणारे पुष्कळ भेटले आहेत, कमी करणारे क्वचितच.

आता ज्या गोष्टी परिस्थितीवर अवलंबून आहेत आणि ज्यांचे उत्तर मला इथून देता येणार नाही, त्या तुम्ही स्वतः तपासाव्यात. पहिली गोष्ट भिंतीतील ओल. भिंतीवर पांढरे क्षार फुटले असतील, रंग फुगला असेल किंवा हाताला थंडगार लागत असेल, तर साधारण ३० सेंटिमीटर चौरस प्लास्टिकचा तुकडा चारही कडांनी टेपने बंद करून एक-दोन दिवस ठेवा. प्लास्टिकच्या भिंतीकडील बाजूला पाण्याचे थेंब धरले तर ओल भिंतीतून येत आहे. खोलीकडील बाजूला धरले तर ती खोलीतील दमट हवेची आहे. भिंतीतून ओल येत असेल तर तिच्यावर कापड किंवा कागद लावणे म्हणजे बुरशीला पांघरूण घालणे. आधी गळती शोधावी, सजावट त्यानंतर.

दुसरी गोष्ट रंगाची. गडद रंगाचे कोरडे फडके भिंतीवर दाबून घासा. फडक्याला पांढरी भुकटी लागली तर तुमच्या भिंतीवर चुना किंवा साधे डिस्टेंपर आहे आणि कोणतीही चिकटपट्टी तिथे टिकणार नाही. तुमच्या वस्तू पडल्या त्याचे कारण मला इथेच दिसते. टेप रंगाला घट्ट चिकटला होता, रंगाने गिलावा सोडला. अशा वेळी जास्त मजबूत टेप आणला तर पडताना तो रंगाचा जास्त मोठा पोपडा काढतो, इतकाच फरक पडतो.

तिसरी गोष्ट ऊन. भिंतीवर दिवसातून तासभर जरी थेट ऊन येत असेल, तर साध्या स्केचपेनचे रंग, फ्लोरोसंट रंगाचे कागद आणि वाळवलेल्या पाकळ्या यांचा विचार सोडून द्यावा. त्यातील रंगद्रव्ये उजेडात विघटित होतात आणि काही महिन्यांत फिकी पडतात. वर्तमानपत्राचा कागद पिवळा पडतो तो त्यातील लिग्निनमुळे, म्हणून वर्तमानपत्र मापासाठी उत्तम आणि कायमच्या कामासाठी वाईट.

हे सगळे ठीक असेल असे धरून, तुमच्या जागेसाठी आणि तुमच्या हातासाठी मी कापडाच्या तीन उभ्या फलकांची शिफारस करते. १४० बाय ९० ची एकच चौकट करण्याऐवजी प्रत्येकी ४४ बाय ९० सेंटिमीटरच्या तीन चौकटी करून मध्ये पाच-पाच सेंटिमीटर अंतर ठेवले, की एकूण रुंदी १४२ होते आणि डोळा त्या तिघांना एकच वस्तू मानतो. फायदा असा की दोन बाय चार सेंटिमीटर जाडीच्या हलक्या लाकडी पट्टीपासून केलेल्या एका चौकटीचे वजन कापडासकट दीड किलोच्या आत राहते. तुलनेसाठी सांगते : १४० बाय ९० च्या फ्रेमला दोन मिलिमीटरची काच घातली तर नुसती काच सहा किलोंच्या वर जाते. भाड्याच्या घरात हा फरक निर्णायक असतो. घर सोडताना तीन फलक गाडीत मावतात, हा फायदा घर सोडतानाच कळतो.

चौकट करताना चारही सांध्यांवर गुण्या लावून काटकोन पाहतातच, पण माझा भरवसा कर्णांवर आहे. एका कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंत दोन्ही कर्ण मोजा. ते दोन मिलिमीटरच्या आत सारखे आले तरच पुढे जा, नाहीतर कापडावरची उभी रेघ भिंतीवर तिरकी दिसेल आणि दोष तुम्ही भिंतीला द्याल. कापड आधी धुऊन, वाळवून, इस्त्री करून घ्यावे, कारण कोरे सुती कापड पहिल्या धुण्यात आटते, आणि न धुतलेले कापड दमट दिवसांत चौकटीवर सैल-घट्ट होत राहते. चारही बाजूंना सहा-सात सेंटिमीटर जादा कापड ठेवा. पातळ कापडाआड लाकडाची कड रेघेसारखी उमटते, म्हणून आधी चौकटीवर जाडसर पांढऱ्या सुती कापडाचे एक अस्तर ताणून घ्यावे. या एका थराने काम हातचे वाटते की दुकानातले, हे ठरते असे मला वाटते.

ताणण्याची पद्धत मात्र नेमकी हवी. चौकट कापडावर पालथी ठेवा. लांब बाजूच्या मध्यावर एक स्टेपल मारा, समोरच्या बाजूच्या मध्यावर कापड ओढून दुसरी मारा, मग दोन्ही आखूड बाजूंच्या मध्यावर एकेक. चौकट उलटून पाहिली तर समोर कापडावर चार सुरकुत्यांचा एक चौकोन दिसेल, त्याने घाबरू नका. त्यानंतर प्रत्येक मध्यापासून कोपऱ्याकडे, एकदा या बाजूला आणि एकदा समोरच्या बाजूला, चार-चार सेंटिमीटरवर स्टेपल मारत जा. एक बाजू पूर्ण करून मग दुसरीकडे जाणारे बहुतेक जण कोपऱ्यात मावणार नाही एवढे कापड गोळा करून बसतात. कापडाचा आडवा धागा चौकटीच्या कडेशी समांतर आहे ना, हे दर दोन-तीन स्टेपलांनंतर पाहावे. कोपऱ्यात कापड आधी टोकावरून आत ओढून, मग दोन्ही बाजूंनी पाकिटासारखी घडी घालून बसवावे. बोटाने मध्यभागी टिचकी मारल्यावर ढोलकीसारखा हलका आवाज आला की ताण पुरेसा झाला.

फलकांवर काय असावे हा तुमच्या आवडीचा भाग आहे. तुम्हाला भरतकाम येते, तर तीन मीटरवरून दिसेल अशा प्रमाणात करा : जाड लोकरी किंवा पाच-सहा पदरी धाग्याने लांब टाके, एकच मोठे पान किंवा तीनही फलकांवरून सलग जाणारी एक वळणदार रेघ. रेघ फलकांच्या मधल्या पाच सेंटिमीटरच्या फटीतही चालू आहे असे समजून आखावी, म्हणजे आखताना तीनही चौकटी तेवढे अंतर ठेवून जमिनीवर मांडाव्यात. फट न धरता आखली तर भिंतीवर रेघ प्रत्येक फटीपाशी ठेचकाळते. भरतकाम ताणण्याआधी करावे, पण आराखडा चौकटीवर कापड सैलसर टाचून काढावा.

कागदात काम करायचे असेल तर तेही उत्तम होते, फक्त कागदाचा स्वभाव ओळखावा लागतो. आंरी मातीस या फ्रेंच चित्रकाराने १९४१ मधील शस्त्रक्रियेनंतर, उभे राहून रंगवणे अवघड झाल्यावर, अपारदर्शक जलरंगाने रंगवलेले कागद कातरीने कापून मोठी भित्तिचित्रे केली. त्यातील शिकण्याजोगी गोष्ट अशी की त्याचे मदतनीस कापलेले आकार आधी भिंतीवर टाचणीने लावत आणि त्याच्या सांगण्यावरून ते पुन्हा पुन्हा हलवत. चिकटवण्याची पाळी फार उशिरा येई. आपण गोंदाची बाटली आधी उघडतो आणि विचार नंतर करतो. आकार टाचणीवर आठवडाभर राहू द्यावेत.

चिकटवताना कागद का वाकतो, हे एकदा समजून घेतले की पुष्कळ कागद वाचतो. यंत्रावर बनलेल्या कागदात तंतू बहुतांशी एका दिशेने पडलेले असतात. पाणी लागले की तंतू लांबीत फारसे वाढत नाहीत, जाडीत फुगतात; म्हणून ओला कागद तंतूंच्या आडव्या दिशेने पसरतो आणि वाळताना त्याच दिशेने आवळतो. पुठ्ठ्याच्या एकाच बाजूला गोंदाने कागद लावला तर वाळताना तो पुठ्ठ्याला आपल्याकडे ओढतो आणि सकाळी तुम्हाला होडीसारखा वाकलेला पुठ्ठा सापडतो. कागदाची दिशा ओळखण्यासाठी तळहाताएवढा तुकडा एका बाजूने ओला करा; तो ज्या अक्षाभोवती सुरळीसारखा वळतो ती तंतूंची दिशा. पुठ्ठ्याच्या मागच्या बाजूलाही तशाच वजनाचा कागद, त्याच दिशेने, त्याच गोंदाने आणि शक्यतो त्याच दिवशी चिकटवा, म्हणजे दोन्ही ओढी एकमेकींना तोलून धरतात. मग सपाट फळ्यांमध्ये दाबून रात्रभर ठेवावे. लाकडाचा पांढरा गोंद पाणी न घालता, पातळ थरात, रुंद ब्रशने मधून कडांकडे लावावा. गोंद जितका पातळ आणि ओला, तितका कागद जास्त फुगतो.

हाच नियम मी उठावाच्या कामात विसरले आणि त्याची किंमत मोजली. सुरुवातीच्या काळात एका मोठ्या फळीवर लांबी (भिंतीच्या भेगा भरायची पुट्टी) आणि बारीक वाळू मिसळून मी लाटांचे उठावचित्र केले. फळी तीन मिलिमीटरची होती आणि थर फक्त पुढच्या बाजूला दिला होता. तीन दिवसांत तिला इतका बाक आला की भिंतीवर तिचे दोनच कोपरे टेकत होते आणि मधून हात आरपार जात होता. तेव्हापासून उठावाच्या कामासाठी मी फळीला दोन्ही बाजूंनी आणि चारही कडांना प्रायमर लावते, मागे दोन आडव्या पट्ट्या ठोकते, आणि तीन मिलिमीटरपेक्षा जाड थर एका वेळी देत नाही, कारण जाड थर वरून आधी वाळतो आणि आतला ओलावा निघताना तडे पाडतो. प्लास्टर ऑफ पॅरिस वापरायचे असेल तर भुकटी पाण्यात सोडावी, पाणी भुकटीत ओतू नये, आणि दहा मिनिटांत संपेल एवढेच कालवावे. उठावाचे खरे सौंदर्य बाजूने येणाऱ्या उजेडात दिसते. तुमची खिडकी भिंतीच्या अगदी समोर असेल तर उठाव सपाट दिसेल आणि मेहनत वाया जाईल. खिडकी शेजारच्या भिंतीत असेल तरच या वाटेला जा. शिवाय वजनाचा विचार करा. ६० बाय ९० सेंटिमीटरची बारा मिलिमीटर जाड एमडीएफ (लाकडाचे तंतू दाबून केलेली) फळी थर देण्याआधीच पाच किलोंच्या आसपास भरते.

मॅक्रमेबद्दल थोडक्यात सांगते, कारण ते शिकणे सोपे आहे आणि मापाचा अंदाज चुकणेही तितकेच सोपे आहे. घट्ट गाठींच्या कामात प्रत्येक लोंबत्या पदरासाठी पूर्ण लांबीच्या चौपट दोर धरावा लागतो, आणि दोर मध्यावर दुमडून दांडीला अडकवला की त्याचे दोन पदर होतात, म्हणून कापताना आठपट. ८० सेंटिमीटर लांबीच्या कामाला एकेक दोर ६ मीटर ४० सेंटिमीटर लागतो. दांडी १२० सेंटिमीटरची आणि दोर पाच मिलिमीटरचा असेल तर एकूण ५०० ते ६०० मीटर दोर लागेल. पहिलेच काम एवढे मोठे घेऊ नये असे माझे स्पष्ट मत आहे. दांडीवर नुसते लांब मोकळे पदर सोडून फक्त वरच्या पट्ट्यात गाठी घातल्या तर दोर निम्म्याहून कमी लागतो आणि दुरून परिणाम जवळपास तोच राहतो. खालची कड लगेच कापू नका. ओल्या-कोरड्या हवेत सुती दोर आपल्याच वजनाने थोडा उतरतो, म्हणून आठवडाभर टांगून मग पट्टी लावून कापावी.

रंगाच्या बाबतीत मी एकच सवय सांगेन. नवे रंग दुकानात बसून ठरवू नयेत. खोलीत जे आहे, म्हणजे सोफा, पडदे, गालिचा, लाकूड, त्यांतून दोन रंग उचलावेत आणि तिसरा आपला घालावा. मग खोलीचा एक फोटो मोबाईलवर काढून तो कृष्णधवल करून पाहावा. त्यात तुमची वस्तू आणि भिंत यांच्यात गडद-फिक्याचा फरक दिसला नाही, तर रंग कितीही सुंदर असले तरी ती वस्तू दुरून भिंतीत विरघळेल. फिकट भिंतीवर फिकट गुलाबी फुले लावणाऱ्या अनेकांची तक्रार याच फोटोने सुटली आहे.

आता टांगण्याचा भाग, ज्यावर मी खरे तर सगळ्यात जास्त वेळ घालवते. तुमची भिंत फडक्याच्या परीक्षेत उत्तीर्ण झाली असेल आणि रंग लावून निदान महिना झाला असेल, तर दीड किलोच्या फलकाला ओढून काढता येणाऱ्या चिकटपट्ट्या चालतात. त्यासाठी भिंतीचा तेवढाच भाग आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून पूर्ण वाळू द्यावा, पट्टी अर्धा मिनिट अंगठ्याने जोर देऊन दाबावी आणि निदान तासभर थांबून मग वजन द्यावे. पाकिटावर लिहिलेल्या वजनाच्या निम्मेच वजन मी देते. काचेची कोणतीही वस्तू चिकटपट्टीवर लावू नये, आणि जिथे कोणी डोके टेकून बसते त्या सोफ्यावर तर मुळीच नाही. माझ्या स्वतःच्या घरी एक काचेची फ्रेम रात्री दोन वाजता अशीच खाली आली होती. खाली कोणी नव्हते हे नशीब.

फडक्याला भुकटी लागली असेल तर भोकांना पर्याय नाही, पण ती थोडी करता येतात. तीन फलकांसाठी सहा खिळे मारण्याऐवजी १४० सेंटिमीटर लांबीची एक अरुंद लाकडी पट्टी भिंतीला तीन स्क्रूंनी बसवा, तिची वरची कड भिंतीकडे ४५ अंशांत उतरती रंधून घ्या, आणि प्रत्येक चौकटीच्या मागे उलट्या उताराची जुळी पट्टी लावा. चौकटी तिच्यात अडकून बसतात, भिंतीला आपणहून घट्ट ओढल्या जातात आणि डाव्या-उजव्या सरकवताही येतात. तीन भोके घरमालकांना समजावून सांगणे सोपे जाते. चौकट खालून पुढे-मागे डुलू नये आणि मागून हवा खेळावी म्हणून खालच्या दोन कोपऱ्यांवर त्याच जाडीचे बूच किंवा फेल्टचे तुकडे चिकटवावेत.

भोक पाडण्याच्या जागी मास्किंग टेपची फुली चिकटवली तर गिलाव्याचे टवके उडत नाहीत. ड्रिलच्या बिटवर हवी त्या खोलीला टेपचा तुकडा गुंडाळला की भोक नेमके तिथेच थांबते. सहा मिलिमीटरच्या भोकात सहाचाच प्लास्टिक प्लग बसवावा, आणि त्याचे तोंड गिलाव्यात न राहता मागच्या विटेत किंवा काँक्रीटमध्ये जाईल एवढी खोली ठेवावी, कारण वजन विटेने पेलायचे असते. स्विचबोर्डच्या सरळ वर, सरळ खाली आणि त्याच उंचीवर आडवे भोक पाडू नये. वायरींच्या नळ्या बहुधा त्या रेषांतूनच जातात. टकटक केल्यावर भिंत पोकळ वाजली तर ती जिप्समच्या पत्र्याची असू शकते, तिथे साधा प्लग फिरत राहतो आणि पोकळ भिंतीसाठीचा, मागे उघडणारा प्लग घ्यावा लागतो.

एखादी वस्तू दोरीने किंवा तारेने टांगायची असेल तर दोरी ताठ आडवी बांधण्याचा मोह टाळा. दोरीच्या दोन्ही बाजू आडव्या रेषेशी ३० अंशांचा कोन करत असतील तर प्रत्येक बाजूवर वस्तूच्या वजनाएवढा ताण येतो. तोच कोन १० अंशांवर आणला तर ताण वजनाच्या जवळजवळ तिप्पट होतो. कड्या निखळतात त्या बहुतेकदा यामुळे. कड्या वरच्या कडेपासून साधारण एकतृतीयांश अंतरावर लावा, दोरी ढिली ठेवा आणि भिंतीवर एकाऐवजी दोन हुक द्या, म्हणजे दार आपटल्यावर चौकट तिरकी होणार नाही.

राहिला प्रश्न आधीच्या वस्तूंचा. कागदी फुले उतरवून ठेवा. त्यांच्यावर धूळ बसते आणि ती पुसता येत नाही. सुतळीच्या जाळ्या चांगल्या असतील तर एका फलकावर कापडाच्या वर शिवून घेता येतील, त्यांचा पोत कापडासमोर उठून दिसेल. भरतकामाच्या तीन रिंगा मात्र टाकून देऊ नका. त्यांना बैठकीच्या भिंतीवरून काढून एखाद्या अरुंद बोळात किंवा आरशाशेजारी लावा, जिथे माणूस हातभर अंतरावरून जातो. तिघींच्या मध्ये सहा सेंटिमीटर अंतर ठेवा, मधल्या रिंगेचा मध्य १४७ वर घ्या. पूर्वी लावलेले टेप काढताना केस वाळवण्याच्या यंत्राने मिनिटभर ऊब द्या आणि टेपमागे जाड धागा घालून करवतीसारखा मागे-पुढे ओढत खाली आणा. टेप भिंतीपासून सरळ बाहेर ओढला तर उरलेला रंगही त्याच्यासोबत येईल. जिथे पोपडे आधीच निघाले आहेत तिथे सैल कडा खरवडून, लांबी भरून, वाळल्यावर पॉलिश पेपरने सपाट करून त्याच रंगाचा हात द्यावा लागेल. तेवढा भाग तीन फलकांच्या मागे लपत असेल तरी हे काम आधी उरकून घ्या, कारण पट्टी सपाट भिंतीवरच नीट बसते.